अंगावर पाजताना वजन उतरवणं: सव्वा महिन्यापासून पाजणं सुटेपर्यंत

व्यायाम सुरू केला आणि दूध आटलं, ही तक्रार कानावर येते तेव्हा बाळ बहुतेक वेळा सहा-सात आठवड्यांचं असतं. सव्वा महिना संपतो, बाळंतीण घराबाहेर पडून चालायला लागते, आणि नेमकं त्याच सुमाराला बाळ वाढीच्या झपाट्यात येतं. दर तासाला पाजायला मागतं, संध्याकाळी तर सोडतच नाही. त्याच दिवसांत छाती दगडासारखी टणक होणं, ब्लाउज भिजणं हेही कमी होतं, कारण दूध आता बाळाच्या मागणीच्या मापाने तयार व्हायला लागलेलं असतं. छाती मऊ लागते, बाळ सारखं रडतं, आणि घरात निकाल लागतो: "फिरायला गेलीस, दूध गेलं." याच वेळी डॉक्टरांकडे सहा आठवड्यांची तपासणी असते आणि काहीजणी तिथून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन येतात. ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं त्यांनी दूध खरंच कमी होऊ शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही होतं, विशेषतः नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने. चालण्यावर आळ घेण्याआधी औषधाची पट्टी उलटून वाचावी.

व्यायामाने दूध कमी होतं का, हे मोजून पाहिलेलं आहे. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आठवड्यातून ५ दिवस, रोज ४५ मिनिटांपर्यंत दम लागेल असा व्यायाम १२ आठवडे केला. दुधाचं प्रमाण आणि घटक, दोन्ही व्यायाम न करणाऱ्यांसारखेच राहिले. २००० साली तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या आयांनी व्यायामाबरोबर खाणंही बेतानं कमी केलं. आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरलं आणि बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. "घामाने दूध आंबतं" या समजुतीमागे एवढंच तथ्य आहे की अगदी धाप लागेपर्यंत व्यायाम केल्यावर दुधात लॅक्टिक ॲसिड थोडा वेळ किंचित वाढतं. ते बाळाला बाधत नाही. बाळ तोंड फिरवतं ते बहुधा छातीवरच्या खारट घामामुळे. ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

दूध कमी होतं ते आई उपाशी राहिली की आणि पाजण्याच्या वेळा चुकल्या की. व्यायाम आणि आहार दोन्ही या एका गोष्टीभोवती बेतायचे. माझं एक बाळंतपण नॉर्मल आणि एक सिझर, म्हणून दोन्हींचा क्रम लिहिते.

बाळ, वार आणि गर्भजल मिळून प्रसूतीच्या दिवशीच पाच-सहा किलो कमी होतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंगात साठलेलं पाणी घाम आणि लघवीवाटे जाऊन आणखी दोन-तीन किलो उतरतं. त्यानंतर काटा थांबतो, आणि बऱ्याचजणी इथेच घाबरतात. उरलेलं वजन चरबीचं आहे, आणि त्यातली काही शरीराने दुधासाठीच साठवून ठेवलेली असते. पहिल्या दोन महिन्यांत ते उतरवायच्या मागे लागूच नये. या काळाचं काम वेगळं आहे: पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जागे करणं.

तळाच्या स्नायूंचा व्यायाम नॉर्मल बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशीही सुरू करता येतो. लघवीची नळी असेल तर ती काढेपर्यंत थांबायचं. वारा अडवताना मागे जे आवळलं जातं आणि लघवी अडवताना पुढे जे आवळलं जातं, ते दोन्ही एकदम आत आणि वर ओढायचं. श्वास सोडताना ओढायचं, घेताना सैल सोडायचं. सुरुवातीला ३ सेकंद धरणंही जमत नाही, काही हललंय की नाही हेच कळत नाही. टाके असतील तर आठवडाभर तिथे बधिरपणा असतो, पण करत राहावं. हळूहळू १० सेकंदांची १० आवळणी आणि त्यानंतर १० झटपट आवळणी, असं दिवसातून तीनदा करण्यापर्यंत पोचायचं. पाजायला बसलं की करायचं, म्हणजे वेगळी वेळ शोधावी लागत नाही.

चुकतं ते असं. पोट, मांड्या आणि कुल्ले आवळले जातात आणि तळ तसाच ढिला राहतो. एक हात पोटावर ठेवून बघा. पोट टणक झालं किंवा श्वास अडकला, तर चुकीचे स्नायू काम करतायत. दुसरी चूक म्हणजे लघवी करताना मधेच धार थांबवून "व्यायाम" करणं. स्नायू कुठले ते ओळखायला एखाद वेळ ठीक, पण रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. आणि आवळण्याइतकंच सैल सोडणं महत्त्वाचं. खोकताना, शिंकताना, बाळ उचलताना आधी आवळायचं, मग पुढचं.

सिझरच्या बाईला पहिल्या दिवशीच उठवून चालवतात. उठताना सरळ बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या जोराने उठायचं. खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबून धरायची. वरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकतात, पण पोटाच्या आतला मजबूत पडदा सहा आठवड्यांनंतरही जेमतेम निम्म्या ताकदीला आलेला असतो. म्हणून बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही हे सव्वा महिनाभर पाळावं. पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, थोरलं मूल, सगळं त्यात आलं. थोरलं मूल हे सगळ्यात अवघड. त्याला खाली बसून जवळ घ्यावं लागतं.

पोट बांधण्याबद्दल घरोघरी मतं आहेत. पट्ट्याने किंवा सुती साडीच्या पट्टीने आधार मिळतो, सिझरनंतर चालताना दुखणं कमी होतं. चरबी मात्र तसूभर कमी होत नाही. आणि "पोट आत जावं" म्हणून कचकचून बांधलं, तर दाब खाली जातो, आधीच ताणलेल्या तळावर. बांधल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत, आणि झोपताना काढायचं.

पहिल्या आठवड्यांत पोटासाठी एवढंच पुरतं: पाठीवर झोपून गुडघे उभे, श्वास सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे हलकेच ओढायची, पाच आकडे मोजून सोडायची. जमायला लागलं की त्याच अवस्थेत एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. सिझर असेल तर टाक्यांना ओढ न बसेल इतपतच.

सहा आठवड्यांनी पोटाची फट तपासा. गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात. काहींचे आपोआप जवळ येतात, काहींचे नाही. पाठीवर झोपा, गुडघे उभे, एका हाताची बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि डोकं-खांदे इंचभर उचला. बोटांच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा दोरीसारख्या लागतात. मधे किती बोटं मावतात ते बघा, आणि बोटं किती खोल जातात तेही. मग बेंबीवर आणि बेंबीखाली तेच करा. दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल, किंवा डोकं उचलल्यावर पोटाच्या मधोमध करंजीच्या पाठीसारखा फुगवटा येत असेल, तर पाठीवर झोपून धड उचलायचे पोटाचे व्यायाम (सिट-अप्स), नौकासन आणि प्लँक (कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ धरणं) यांनी फायदा नाही, उलट फुगवटा वाढतो. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन शिकून घेणं स्वस्त पडतं. "पोट सुटलंय" म्हणून महिनोन्महिने उपाशी राहणाऱ्या कितीतरी जणींचा प्रश्न चरबीचा कमी आणि या फटीचा जास्त असतो.

कपालभातीचं वेगळं सांगायला हवं, कारण पोट कमी करायला पहिला सल्ला तोच मिळतो. दर झटक्याला पोटातला दाब वाढतो. खोकताना लघवीचे थेंब पडत असतील, खाली जड, ओढल्यासारखं वाटत असेल किंवा फट मिटलेली नसेल, तर तो दाब चुकीच्या जागी जातो. दीर्घ श्वसन, अनुलोम-विलोम खुशाल करा. सूर्यनमस्कारही तीन महिन्यांनंतर आणि सुरुवातीला भुजंगासन वगळून. दुधाने भरलेल्या छातीवर पालथं झोपणं तसंही सहन होत नाही.

आता चालणं. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही अशी रीत असेल, तर गॅलरीत किंवा घरातल्या घरात येरझाऱ्या घाला. १० मिनिटं, दिवसातून दोनदा. पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. वेग असा की बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही. वाढवताना पॅडवर लक्ष ठेवा. अंगावरून जाणं फिकट, तपकिरी झालेलं असताना चालल्यानंतर पुन्हा लाल झालं किंवा वाढलं, तर दोन-तीन दिवस मागच्या मापावर यायचं. तासाला एक पॅड भिजत असेल तर दवाखाना. तसंच एका पोटरीत दुखणं आणि सूज, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, न थांबणारी डोकेदुखी, टाक्यातून पू, छातीला लाल तापलेला पट्टा आणि ताप यांतलं काहीही असलं तर व्यायाम बाजूला आणि आधी डॉक्टर.

दोन-अडीच महिन्यांपर्यंत रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, इथपर्यंत यावं. जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्याला १५० मिनिटांची शिफारस बाळंतिणींनाही लागू आहे. यात आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम घाला: खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि किंचित वाकून पाण्याची १ लिटरची बाटली कमरेपर्यंत मागे ओढणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या. सांधे काही महिने सैलच असतात, म्हणून उड्या, झटके, खूप ताण देणं नको. मनगटाचं विशेष जपा. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर जमिनीवरचे दंड आणि प्लँक बंद, आणि बाळ उचलताना तळवा खाली घालून उचला. धावणं तीन महिन्यांच्या आत नाही. त्यानंतरही, लघवी सुटत नाही आणि खाली जडपणा नाही याची खात्री झाल्यावर.

कपड्यांचा प्रश्न किरकोळ नाही. व्यायामाच्या अगदी घट्ट ब्रेसियरमध्ये दुधाने भरलेली छाती तासभर दाबली गेली, तर नळ्या तुंबतात, गाठ येते, कधी ताप. म्हणून बाहेर पडण्याआधी दोन्ही बाजूंना पाजून घ्या. छाती हलकी होते, बाळही दीड-दोन तास शांत राहतं. गरोदरपणाआधीचं माप वापरू नका. एक घट्ट घालण्यापेक्षा रोजची पाजायची ब्रेसियर आणि तिच्यावर मध्यम घट्ट अशी दुसरी, हे जास्त चालतं. घालून हात वर करा. खालची पट्टी वर सरकली तर ढिली आहे, काढल्यावर शिवणीचे लाल वळ दिसले तर घट्ट आहे. घरी आल्या आल्या काढायची, घामेजलेल्या कपड्यात पाजत बसायचं नाही.

आता खाणं, आणि वजनाचा खरा हिशेब इथेच आहे. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळासाठी दिवसाला ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध लागतं आणि त्यात ५०० कॅलरी जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्तीच्या धरल्या आहेत, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. साठ किलोच्या बाईने अर्धा तास भरभर चालून खर्च होतात सव्वाशेच्या आसपास. दूध तयार करणं हाच दिवसातला सगळ्यात मोठा व्यायाम आहे.

मग वजन का उतरत नाही? डिंकाचा लाडू काट्यावर ठेवून बघा. ४० ग्रॅमच्या लाडवात १० ग्रॅम तूप सहज असतं, म्हणजे ९० कॅलरी तुपाच्याच. खोबरं, खारीक, गूळ, बदाम धरून लाडू १८०-२०० वर जातो. सकाळी दोन, संध्याकाळी एक, वर साखर घातलेलं दूध दोन वेळा, भातावर तुपाची धार, आणि "तू खा, बाळाला लागतं" म्हणून शिरा. अंगावरच्या दुधात गेलेल्या ५०० कॅलरी सकाळच्या न्याहारीतच भरून निघतात. लाडवाला माझा विरोध नाही. पहिले सव्वा महिना ते हवेतच, तेव्हा भूक राक्षसी असते आणि चार घास शांतपणे खायला वेळ नसतो. पण जेवणं पूर्ववत झाली की लाडू एकावर आणायचा, तोही लिंबाएवढा. अळीव मात्र सोडू नका, लोहासाठी चांगले. चमचाभर अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून घेतले तर लाडवापेक्षा कितीतरी हलके.

खाणं कमी करायचं ते दोन महिन्यांनंतर, आणि बाळाचं वजन नीट वाढतंय हे पाहून. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढतं, आणि चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट फिकट लघवीने ओले होतात. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींना जाल तेव्हा वजन करून कार्डावरच्या आलेखात बिंदू मांडून घ्या. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्याही वजन करतात. बिंदू आपल्या रेषेवर चढत असेल तर शेजारणीच्या मताला किंमत देऊ नका.

स्वतःचं उद्दिष्ट आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्याहून जास्त नको. त्यासाठी दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींची तूट पुरते, त्यातली निम्मी चालण्यातून येऊ द्या. एकूण खाणं १८०० च्या खाली नेऊ नका. कापायचं ते साखर, बिस्किटं, फरसाण, वरून घेतलेलं तूप. वरण, उसळ, भाकरी, भाजी नाही. प्रथिनं ५५ किलोच्या बाईला या काळात रोज ६० ग्रॅमच्या वर लागतात आणि ती आपल्या ताटात सहसा भरत नाहीत. शिजलेल्या घट्ट वरणाच्या वाटीत जेमतेम ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७, मुठभर कोरड्या मटकीच्या उसळीत दहा-बारा. म्हणजे दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट वरण, रोज दोन अंडी किंवा ५० ग्रॅम पनीर, आणि दूध-दही मिळून अर्धा लिटर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सरकारी दवाखान्यातून १८० दिवस मिळते, ती पुरी करा. दोन्ही एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. दूध करताना हाडांतलं कॅल्शियम वापरलं जातं. ते पाजणं सुटल्यावर भरून येतं, पण त्यासाठी खाणं धड हवं. पाणी तहानेप्रमाणे. दर वेळी पाजायला बसताना तांब्या-भांडं जवळ ठेवलं की पुरे. बळेच पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही.

काय करू नये ते थोडक्यात, पण ठाम सांगते. भात-भाकरी पूर्ण बंद करून फक्त पनीर-अंड्यांवर राहणं पाजताना धोक्याचं आहे. दुधाबरोबर रोज साखर शरीराबाहेर जात असते, पिष्ट मिळालं नाही तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून बाईला दवाखान्यात भरती करावी लागल्याच्या नोंदी आहेत. उलट्या, कमालीचा थकवा, जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणं. सोळा-सोळा तास उपास, वजन घटवायच्या गोळ्या, काढे, पावडरी आणि अलीकडे निघालेली भूक मारणारी इंजेक्शनं पाजणं सुटेपर्यंत नकोत. चतुर्थी-एकादशी करायची तर दूध, फळं, राजगिरा, शेंगदाणे घेऊन करा, निर्जळी नको.

वजन आठवड्यातून एकदाच करा, त्याच दिवशी, सकाळी, पाजून झाल्यावर. भरलेल्या छातीने आणि रिकाम्या छातीने काट्यात शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि उगाच मन खट्टू होतं. बेंबीवर टेप लावून घेतलेलं माप काट्यापेक्षा खरं बोलतं. चार आठवडे नीट खाऊन-चालूनही टेप हलली नाही, केस मुठीने गळतायत, थंडी वाजते, मन लागत नाही, तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही आणि ते आळसाच्या नावावर खपतं. झोपेचंही तेच. तीन तास सलग झोप मिळालेली नसेल त्या दिवशी व्यायाम सोडून झोपा. जागरणाने भूक आणि गोडाची ओढ इतकी वाढते की अर्ध्या तासाच्या चालण्याचं मोल उरत नाही.

आणि काहीजणींचं वजन पाजणं चालू असेपर्यंत आधीच्यापेक्षा दोन-तीन किलो जास्तवर अडूनच राहतं. त्यासाठी आणखी कापू नये.

सहाव्या महिन्यात बाळाचं उष्टावण होतं, भात-वरणाचे घास सुरू होतात आणि पिणं हळूहळू कमी होतं. इथे दोन ठिकाणी वजन परत चढतं. एक, बाळाच्या वाटीतलं उरलेलं तूप-भात आईच्या पोटात जाणं. बाळाला चार चमचेच वाढा, हवं तर पुन्हा घ्या. दुसरं, दूध कमी होतं तसा खर्च उतरतो, पण खायची सवय तीच राहते. रात्रीचं पाजणं सुटलं की रात्रीचा दुधाचा पेला बंद करायचा, दुपारचं सुटलं की चारचा लाडू. वरण, उसळ आणि चालणं आहे तसं ठेवायचं.